पाय टेकले पाहिजेत!



टाटा, बजाज, किर्लोस्कर ही माणसांची आडनावं आहेत हे आपल्याला पक्कं माहीत असतं. पण होंडा म्हटलं की डोळ्यांसमोर गाडी येते, माणूस येत नाही. तर हे एका माणसाचं आडनाव आहे. पूर्ण नाव सोइचिरो होंडा. जन्म १७ नोव्हेंबर १९०६, मृत्यू ५ ऑगस्ट १९९१. शाळा झाली आठ वर्षं. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर केटीसुद्धा नाही, कारण ते परीक्षेलाच बसले नाहीत!

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला त्यांची गोष्ट ठरलेली असते. गरिबी, अपयश, भूकंप, कष्ट, यश, टाळ्या. ती गोष्ट खोटी नाही. पण त्यात गाडी कुठेच नसते आणि मेकॅनिकलच्या मुलीला गाडीशिवाय होंडांची गोष्ट म्हणजे कांद्याशिवाय भजी. शिवाय माझी उंची चार फूट अकरा इंच. मला त्यांच्या आयुष्यात इंटरेस्ट आला तो एका अगदी साध्या प्रश्नामुळे. ज्याचे पाय नीट जमिनीला टेकत नाहीत, त्याने खराब रस्त्यावर कोणती गाडी चालवायची? मोठी, ताकदवान गाडी बनवणारे पुष्कळ होऊन गेले. हा प्रश्न मनावर घेणारे फार कमी, आणि त्यात हे गृहस्थ सर्वांत पुढे.

जपानमध्ये हामामात्सु नावाचं शहर आहे, त्याच्याजवळच्या कोम्यो या खेड्यात सोइचिरोचा जन्म झाला. वडील गिहेई लोहार, आई मिका विणकाम करायची. वडिलांनी पुढे सायकल दुरुस्तीचा धंदाही सुरू केला. पोरगं अंगाने लहानखुरं, अभ्यासात यथातथा, पण भात्याजवळून हलायचं नाही. शाळेत जायच्याही आधी त्याने गावात पहिली मोटारगाडी पाहिली. तिच्या मागे तो धावत सुटला आणि गाडी थांबली तिथे रस्त्यावर सांडलेल्या ऑइलला नाक लावून वास घेतला. तो वास ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत म्हणतात. वर्कशॉपमध्ये नाकाला रुमाल लावणाऱ्या आमच्या बॅचने याची नोंद घ्यावी.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. १९१७ साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला. सोइचिरो तेव्हा दहा वर्षांचा. त्याने घरातून थोडे पैसे उचलले, वडिलांची सायकल काढली आणि निघाला. आता ती सायकल मोठ्या माणसाची. सीटवर बसलं तर पाय पेडलला पुरणार नाहीत. मग काय? दांडीखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडे घालायचा आणि तिरकं लटकून पायडल मारायचं. आपल्याकडे याला कैची म्हणतात. जपानीत याला त्रिकोणी स्वारी अशा अर्थाचा शब्द आहे. जगाच्या दोन टोकांना लहान पोरांनी एकच शोध लावला, कारण अडचण एकच! तिथे पोचल्यावर तिकिटाला पैसे पुरेनात, तेव्हा तो झाडावर चढला आणि विमान बघूनच घरी आला.

कैची ज्यांनी चालवली आहे त्यांना माहीत आहे. कंबर वाकडी, मान वाकडी, ब्रेक लावायचा म्हणजे उडीच मारायची. मशीन जसंच्या तसं उभं आणि माणूस त्याच्याभोवती वेटोळं घालून बसलेला. पुढे चाळीस वर्षांनी याच मुलाने जी गाडी बनवली तिच्यात त्या दांडीची जागाच मोकळी सोडली होती. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः लावला होता का ते सोडा, मी मात्र लावणार.

१९२२ साली तो टोकियोत आर्ट शोकाई नावाच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. पहिले काही महिने काम काय, तर मालक साकाकिबारा यांचं मूल सांभाळणं. पाठीवर पोर बांधून इंजिनांकडे लांबून बघायचं. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभूकंप झाला, आगी लागल्या, बरेच कारागीर आपापल्या गावी निघून गेले आणि या पोराच्या हातात एकदाचा पाना आला. १९२४ मध्ये गॅरेजने विमानाचं जुनं कर्टिस इंजिन बसवून रेसिंग कार बनवली. ती शर्यत जिंकली तेव्हा ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक म्हणून सतरा-अठरा वर्षांचा सोइचिरो बसलेला होता. १९२८ मध्ये मालकांनी विश्वासाने त्यांना हामामात्सुला शाखा काढून दिली. शर्यतींचं वेड मात्र गेलं नाही. १९३६ साली तामागावाच्या ट्रॅकवर त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला, चेहरा आणि मनगट जायबंदी झालं, बरोबर बसलेला धाकटा भाऊही जखमी झाला. तिथे शर्यतीत गाडी चालवण्याचं प्रकरण जवळपास संपलं.

मग त्यांनी ठरवलं की दुरुस्ती पुरे, आता काहीतरी बनवायचं. निवडलं काय, तर पिस्टन रिंग. दिसायला बांगडीएवढी सोपी वस्तू. पण रिंग काही जमेना. रात्र रात्र जागून ओतलेल्या रिंगा कडक होऊन तुटायच्या. शेवटी ते हामामात्सुच्या टेक्निकल कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांकडे गेले आणि कळलं की ओतीव लोखंडात सिलिकॉनच कमी आहे. वय तिशीचं, स्वतःचा कारखाना, तरी माणूस कॉलेजात पोरांबरोबर मेटलर्जीच्या तासाला बसायला लागला. मात्र आपल्या रिंगेशी संबंध असेल तेवढ्याच तासांना! बाकीचे तास बुडवायचे, परीक्षा द्यायची नाही. कॉलेजने अर्थातच सर्टिफिकेट दिलं नाही आणि यांना त्याची किंमत सिनेमाच्या तिकिटाएवढीही वाटली नाही. (प्राचार्य महोदयांनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल.) एवढं करून टोयोटाला नमुने दाखवले तर पन्नासातल्या तीनच रिंगा पास झाल्या. पुढची दोनेक वर्षं जपानभर पोलादाचे कारखाने बघत हिंडून त्यांनी ते तंत्र हस्तगत केलं. नंतर युद्ध आलं, बॉम्ब पडले आणि जानेवारी १९४५ च्या मिकावाच्या भूकंपात इवाताचा कारखाना कोसळला. युद्ध संपल्यावर उरलंसुरलं त्यांनी टोयोटाला ४,५०,००० येनला विकलं आणि वर्षभर काही म्हणजे काही केलं नाही.

इथून पुढे आपली गोष्ट खरी सुरू होते.

१९४६ चा जपान डोळ्यांसमोर आणा. शहरं जळालेली, रेल्वेला लटकून गर्दी, पेट्रोल रेशनवर, तांदूळ आणायचा तर सायकल मारत खेड्यात जायचं. होंडांना एका ओळखीच्याच्या घरी लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारं छोटं जनरेटर इंजिन दिसलं. असली पाचशेएक इंजिनं युद्धानंतर पडून होती. त्यांनी एक इंजिन सायकलला जोडलं. टाकी नव्हती म्हणून घरातली शेकायची गरम पाण्याची पत्र्याची बाटली टाकी म्हणून लावली. आपल्याकडे यालाच जुगाड म्हणतात आणि आपण त्यावर फार खूश असतो. फरक एवढाच की ते जुगाडावर थांबले नाहीत.

गाडीची टेस्ट कोणी घेतली? त्यांच्या पत्नी साची यांनी. बायकांना ही सायकल चालवता येते का ते बघायचं होतं, म्हणून होंडांनी बायकोला भर गर्दीच्या रस्त्यावर चकरा मारायला लावल्या. साचीबाई परत आल्या त्या चांगले कपडे तेलाने माखवून, आणि त्यांनी नवऱ्याला खडसावलं की असं गिऱ्हाईकाचं झालं तर शिव्या बसतील. कार्ब्युरेटरमधून इंधन उलटं उडत होतं. होंडांनी मुकाट्याने ते दुरुस्त केलं. माझ्या मते होंडा कंपनीच्या पहिल्या टेस्ट रायडर याच, आणि त्यांचं नाव व्हायवाला विचारलं पाहिजे.

ती इंजिनं संपली तेव्हा १९४७ मध्ये स्वतःचं इंजिन आलं, २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी स्थापन झाली, १९४९ मध्ये ड्रीम नावाची ९८ सीसीची पहिली खरीखुरी मोटारसायकल आली. त्याच वर्षी त्यांना ताकेओ फुजिसावा भेटले. होंडांनी गाड्या बनवायच्या आणि फुजिसावांनी विकायच्या, पैसा सांभाळायचा, एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही, असं ठरलं आणि पंचवीस वर्षं टिकलं. १९५२ मध्ये सायकलला लावायचं कब नावाचं छोटं इंजिन आलं तेव्हा फुजिसावांनी देशभरातल्या सुमारे ५०,००० सायकल दुकानदारांना टपालाने पत्रं पाठवली. मार्केटिंग शिकायचं असेल तर एमबीएच्या आधी हा माणूस वाचावा, पण तो वेगळा लेख होईल.

१९५६ च्या अखेरीस दोघं युरोपला गेले. तिथे लोक मोपेड आणि स्कूटर घेऊन फिरत होते. फुजिसावांच्या डोक्यात एकच किडा, सर्वांना चालवता येईल अशी गाडी हवी. होंडा एकेक गाडी दाखवायचे आणि म्हणायचे हिचा उपयोग नाही. का? कारण युरोपातले रस्ते गुळगुळीत आणि जपानमधले तेव्हा बहुतेक कच्चे. स्कूटरचं छोटं चाक खड्ड्यात बसणार. मोटारसायकल खड्ड्यातून जाईल, पण ती अंगाने मोठी, वर क्लचची भानगड. म्हणजे यातलं काहीच नको आणि दोन्हीतलं चांगलं हवं!

ऑगस्ट १९५८ मध्ये त्याचं उत्तर आलं, सुपर कब सी-१००. इंजिन ४९ सीसी, फोर स्ट्रोक, साडेचार हॉर्सपॉवर. त्या काळात एवढ्या छोट्या गाडीला सगळे टू स्ट्रोक लावायचे, पण होंडांना टू स्ट्रोकचा आवाज आणि धूर दोन्हीचा राग. सिलिंडर जवळजवळ आडवा झोपवला, म्हणजे इंजिन खाली गेलं. पेट्रोलची टाकी सीटखाली नेली. मग सीट आणि हँडलच्या मधली जागा रिकामी झाली. पाय वरून फिरवायची गरज नाही, किमोनो घातलेली बाई किंवा साडी नेसलेली आजीसुद्धा सरळ पाय टाकून बसू शकते. क्लचचा लिव्हर नाही, आत सेंट्रिफ्युगल क्लच. गिअर तीन आणि सगळे डाव्या पायाने. यामागे सोबा शेवयांचं जेवण घरपोच देणारा पोऱ्या होता. तो एका हाताने खांद्यावरचा जेवणाचा ट्रे सांभाळतो, म्हणून गाडी दुसऱ्या एकाच हाताने चालली पाहिजे ही अटच होती. अगदी इंडिकेटरचं बटणही उजव्या हाताशी दिलं. मशीन डिझाइनला आम्ही लोड, स्ट्रेस, फॅक्टर ऑफ सेफ्टी सगळं घेतो. शेवयांचा ट्रे कोणी घेत नाही.

चाकाचा विचार मला सगळ्यात भारी वाटतो. सतरा इंच. स्कूटरच्या चाकापेक्षा मोठं, म्हणजे खड्डा ओलांडतं. त्या वेळच्या मोटारसायकलींपेक्षा लहान, म्हणजे सरासरी जपानी माणसाचे पाय जमिनीला टेकतात. या मापाचा टायर तेव्हा जपानमध्ये मिळतच नव्हता, तो खास बनवून घ्यावा लागला. म्हणजे रस्ता एका बाजूला, माणसाचा पाय दुसऱ्या बाजूला, आणि या दोघांच्या मधे जे माप बसलं ते चाक.

मॉडेल तयार झालं तेव्हा फुजिसावांना विचारलं की किती खपतील. ते म्हणाले तीस हजार. लोकांना वाटलं वर्षाला. ते महिन्याचं सांगत होते! हसणाऱ्यांचं हसू लवकरच थांबलं. २०१७ मध्ये या मालिकेतली दहा कोटीवी गाडी बाहेर पडली. जगात दुसरं कुठलंही मोटारवाहन एवढ्या संख्येने बनलेलं नाही.

आता थोडं विंचूरबद्दल सांगते, कारण सतरा इंचांचं महत्त्व मला टोकियोमुळे नाही, गावामुळे कळलं. विंचूर म्हणजे निफाड तालुका, नाशिकहून येवल्याला जाताना लागतं. लासलगावचा कांदा सर्वांना माहीत असतो. त्याच बाजार समितीचं उपआवार आमच्या विंचूरला आहे. हमरस्ता झकास आहे. पण कांदा हमरस्त्यावर पिकत नाही. मळ्यात जायचं तर काळ्या मातीचा शिवाररस्ता. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिकट गारा. स्कूटीचं दहा इंची चाक त्यात शंभर मीटर जातं, मग मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो आणि चाक फिरायचंच बंद. उतरा आणि काडीने उकरत बसा. मुलींनी चालवायच्या म्हणून ज्या गाड्या मिळतात त्या सगळ्या अशा. मुलींना मळ्यात जायचंच नसतं असं कंपन्यांनी ठरवून टाकलंय बहुतेक.

मग ऑफरोड बाइक घ्या म्हणतात. एक्सपल्स २०० आली तेव्हा तिची सीट ८२३ मिलिमीटरवर होती. माझ्या पायाची आतली लांबी साधारण ६८० मिलिमीटर. हिशोब तुम्हीच करा. यात कंपनीची चूक नाही, ते गणितच तसं आहे. दगडावरून जायला पोटाखाली जागा हवी, चाकाला वरखाली व्हायला जास्त ट्रॅव्हल हवा, पुढचं चाक एकवीस इंची हवं, हे सगळं एकावर एक रचलं की सीट आपोआप वर जाते. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, गाडी थांबताना सीटवरून एका बाजूला घसरलं की एक पाय टेकतो. पण ज्या बाजूला पाय टेकायचा त्याच बाजूला चारी असली तर? ऑफरोडला माणूस वेगामुळे कमी पडतो, थांबताना जास्त पडतो. आमच्या गावचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ ला पानिपतावर लढून परत आले. मराठ्यांच्या फौजेत दख्खनी तट्टं होती ती अरबी घोड्यापेक्षा बुटकी, काटक, डोंगर चढणारी आणि कमी चाऱ्यावर भागवणारी. म्हणजे बुटकी सवारी हलकी समजायचं काही कारण नाही, असं आपलं माझं मत.

असो. परत होंडांकडे. जून १९५९ मध्ये त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसला दुकान मांडलं. अमेरिकन माणूस मोठा, रस्ते लांबलचक, म्हणून कंपनीच्या लोकांनी मोठ्या ड्रीम गाड्या पुढे केल्या. त्या तिथल्या लांब पल्ल्यांना टिकेनात, इंजिनातून तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले. कंपनीची माणसं स्वतःच्या कामाला मात्र छोट्या कबवर फिरत होती, आणि लोक थांबवून विचारायचे की ही कुठे मिळेल?

पुढचं तर होंडांनीही ठरवलेलं नव्हतं. आयडाहो हे अमेरिकेतलं डोंगराळ राज्य. तिथल्या एका डीलरकडे कब फार खपतात असं दिसलं. कारण शोधलं तर तो डीलर गाडीचं पुढचं प्लॅस्टिकचं कवच काढून टाकत होता, मागे जास्त दात्यांचं मोठं स्प्रॉकेट आणि गाठीगाठीचे टायर लावत होता आणि शिकारी, मासेमारी करणाऱ्या लोकांना विकत होता. ते लोक या ५० सीसीच्या पोरावर बसून जंगलात डोंगर चढत होते! कंपनीने ते नाकारलं नाही, वॉरंटीचं कलम दाखवलं नाही, सरळ तीच कल्पना कारखान्यात नेली आणि १९६१ मध्ये ट्रेल ५० नावाने गाडी काढली. तिला मागे दोन स्प्रॉकेट होती, एक रस्त्याचं, एक डोंगराचं. डोंगर आला की चेन बदलायची.

हे गणित आपल्याला टीओएममध्ये येतं, फक्त तिथे डोंगर नसतो. समजा पुढे १४ दाते, मागे ४२, म्हणजे रेशो ३. मागे ५६ दात्यांचं बसवलं तर रेशो ४. चाकावरचा टॉर्क एकतृतीयांशाने वाढला, वेग चतुर्थांशाने घटला. इंजिन तेच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी हेच आबांच्या जुन्या सीडी १०० वर करणार आहे. शिवाररस्त्यावर ताशी वीसच्या वर कोणाला जायचंय? आबांची परवानगी अजून मिळालेली नाही. नातीपेक्षा गाडी जुनी, असं त्यांचं म्हणणं आहे.

ट्रेल ५० नंतर १९६४ मध्ये ट्रेल ९० आली, मग तिच्यात हाताने बदलायचा जादा लो गिअर आला, पुढे ११० सीसीची आली. ती ऑस्ट्रेलियात पोस्टमनची गाडी म्हणून वर्षानुवर्षं चालली. फुटपाथ, गवत, उतार, दर पन्नास पावलांवर थांबायचं, पाय टेकायचा, पत्र टाकायचं, निघायचं. २०२० मध्ये याच घराण्यातली सीटी १२५ जपानमध्ये विकायला आली, म्हणजे साठ वर्षांनीही ही कल्पना मोडीत निघालेली नाही.

दुसरी गंमत मंकीची. १९६१ मध्ये टोकियोजवळ तामा टेक नावाचं मोटारींचं मनोरंजन पार्क निघालं. तिथल्या मुलांसाठी पाच इंची चाकांची चिमुकली गाडी बनवली. लहान मुलं बसली तर बरी दिसायची, मोठा माणूस बसला की गुडघे कानाला लागायचे आणि तो माकडासारखा दिसायचा, म्हणून नाव मंकी. पण मोठेच उतरायला तयार होईनात. १९६७ पासून ती जपानमध्ये रस्त्यासाठी विकायला लागले, हँडल दुमडून कारच्या डिकीत मावेल अशी. तिचीच मिनी ट्रेल अमेरिकेत गेली आणि तिथे कितीतरी मुलांचं पहिलं धूळ खाणं तिच्यावर झालं. वाट चुकलेल्या मुलांसाठी वायएमसीए ही संस्था काम करायची. तिला होंडाने अशा १०,००० छोट्या गाड्या दिल्या. कल्पना अशी की गाडी चालवायला मिळते म्हणून पोरं टिकतील, नियम पाळतील. मोठी गाडी दिली असती तर हे जमलं नसतं. भीती वाटली की माणूस शिकत नाही.

हे सगळं वाचून होंडा म्हणजे कोणी साधुसंत असं वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. ते भयंकर तापट. काम बिघडलं तर हातात असेल ते हत्यार फेकायचे, माणसाला मारायचेसुद्धा, आणि नंतर पस्तावायचे. त्यांना शर्यती हव्याच होत्या. १९५४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात असताना त्यांनी आयल ऑफ मॅन टीटी जिंकण्याची घोषणा केली, १९५९ मध्ये प्रत्यक्ष उतरले आणि १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे आले. इथपर्यंत जिद्द म्हणू. पण एअर कूल्ड इंजिनाच्या बाबतीत त्यांचा हट्ट जिवावर बेतला. १९६८ साली फ्रान्समध्ये रुआँच्या शर्यतीत त्यांची एअर कूल्ड फॉर्म्युला वन कार चालवताना जो श्लेसर हा ड्रायव्हर जळून मेला. गाडी अजून तयार नाही असं त्यांच्या संघाचा नेहमीचा ड्रायव्हर जॉन सर्टीज आधीच सांगत होता. तरी मोटारींनासुद्धा हवेनेच थंड करायचं हे खूळ सुटेना. तरुण इंजिनिअर वैतागले. शेवटी फुजिसावांनी त्यांना विचारलं की तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनिअर म्हणून? होंडा अध्यक्ष म्हणाले, आणि त्या दिवशी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला मोकळीक मिळाली. सिव्हिक कारचं गाजलेलं कमी धुराचं सीव्हीसीसी इंजिन त्यातूनच आलं. टू स्ट्रोकच्या बाबतीतही तेच. मोटोक्रॉसमध्ये तेव्हा टू स्ट्रोकशिवाय जिंकता येत नव्हतं आणि बॉसला टू स्ट्रोकचं नाव काढलेलं चालत नव्हतं. शेवटी एल्सिनोर नावाची टू स्ट्रोक निघालीच आणि गाजली. ज्या माणसाला शेवयांच्या पोऱ्याचं, बायकोचं, आयडाहोच्या शिकाऱ्याचं ऐकू आलं, त्याला स्वतःच्या इंजिनिअरांचं ऐकू यायला इतकी वर्षं लागली, हे मला विचित्र वाटतं. कदाचित गिऱ्हाईकाचं ऐकणं सोपं असतं. ते आपल्याला चूक म्हणत नाही, नुसतं गाडी घेत नाही.

ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघं एकाच वेळी निवृत्त झाले. मुलाला कंपनीत घेतलं नाही, कंपनीला स्वतःचं नाव दिलं याचंच त्यांना वाईट वाटायचं. मग ते देशभरातले होंडाचे कारखाने आणि दुकानं बघायला निघाले, माणसांचे आभार मानायला, आणि हे दीडेक वर्ष चाललं.

भारतात त्यांची गाडी आली ती ते निवृत्त झाल्यावर. १९८४ मध्ये फिरोदियांबरोबर कायनेटिक होंडा, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. या सीडी १०० चं आडवं झोपलेलं ९७ सीसीचं इंजिन कबच्याच वंशातलं, आणि पुढची स्प्लेंडरही त्याच घरातली. खुद्द कबचा अवतार १९९७ मध्ये हिरो होंडा स्ट्रीट नावाने आला, पण आपल्याकडे पडला. पुरुषांना ती बाइक वाटेना, बायकांना स्कूटर वाटेना. गंमत म्हणजे कबसारख्याच दिसणाऱ्या, अकुर्डीच्या बजाजच्या एम-८० ने तोवर दूधवाल्यांना आणि शेतकऱ्यांना कधीच खिशात घातलं होतं. मागे दोन कॅन, मधे चाऱ्याची पेंढी, आणि तीही जायची शिवाररस्त्यानेच.

५ ऑगस्ट १९९१ रोजी टोकियोत यकृताच्या आजाराने होंडा गेले. वय ८४. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढायची नाही असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्याने मरताना रस्त्यावर गाड्यांची कोंडी करायची नाही, असं त्यांचं कारण होतं. कंपनीने त्याऐवजी आभाराचे मेळावे घेतले.